लेव्हल

दुसऱ्यांदा पाणी ओसरलं तेव्हाच ठरवलं,
आता घर नुसतं पुसायचं नाही.
सांगली, शामरावनगर, तळमजला,
सहाशे वीस स्क्वेअर फूट,
एकतीस हप्ते अजून बाकी.

मला वाटलेलं, रंगारी बोलवावा,
मोतिया रंगाचे दोन हात, झालं.
बाबालाल मिस्त्रीनं नखानं भिंत खरवडली,
बोट जिभेला लावलं, थुंकला.
"लोणा हाय, वैनी. ह्याच्यावर रंग
म्हंजे आजाऱ्याला पावडर."

मग प्लास्टर उतरवलं. स्वयंपाकघर सोडून सगळीकडे.
खिडक्या सताड, पंखे दिवसरात्र,
उघड्या विटांच्या पंगतीत आम्ही अडीच महिने जेवलो.
भिंत वाळली हे कसं ओळखायचं?
प्लास्टिकचा चौकोन, चारी कडा चिकटपट्टीनं बंद.
दोन दिवसांनी आतून घाम आला
तर थांबायचं.
मी सात वेळा थांबले.
आठव्यांदा चौकोन कोरडा निघाला,
त्या दिवशी शिरा केला.

विटा उघड्या आहेत तोवरच वायरिंग.
सुकुमार वायरमनला म्हटलं, सगळे बोर्ड पाच फुटांवर,
मीटर जिन्यात,
वायर वरून खाली येऊ दे, खालून वर नको.
त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली.
संध्याकाळी जुई शाळेतून आली,
टाचा उचलल्या, हात ताणला,
बटण चार बोटं वरच राहिलं.
"मी काय अंधारात बसू?"

पुराची उंची मोजली होती. पोरीची राहिली.

सुकुमार दोन दिवसांनी मिरजेहून
दवाखान्यातलं जुनं दोरीचं बटण घेऊन आला,
छताला बसवलं, दोरीला लाकडी मणी.
पहिल्या रात्री तिनं घर शंभरदा उजळवलं
आणि विझवलं.

दीर म्हणाले, प्लायवूड चांगलं स्वस्तात मिळवून देतो.
मागचं कपाट पावासारखं फुगलं होतं,
दार उघडायला पहार लागली होती.
म्हटलं, भावजी, यंदा कडाप्पा.
लाकूड फक्त दोघांना उचलून वर नेता येईल एवढंच,
दारांच्या बिजागऱ्यासुद्धा खिळ काढली की सुटणाऱ्या.
फरशी बसली की रुपयाचं नाणं घेऊन फिरले.
टक, टक, टक, ढब.
ढब वाजली ती काढायला लावली.
बाबालाल अर्धा दिवस बोलला नाही,
चहाही बाहेरच घेतला.
आठ फरश्या जास्तीच्या घेतल्यात, माळ्यावर आहेत,
तीच नक्षी पुढच्या वर्षी मिळत नाही.

शेवटी स्वयंपाकघर.
तिथं पुराची रेघ अजून तशीच होती,
छातीएवढी, चहाच्या डागासारखी.
बाबालालनं पिशवीतून पारदर्शक नळी काढली,
पाण्यानं भरली, एक टोक माझ्या हातात दिलं.
मी जरा मागे सरले.
"धरा की. पानी खोटं बोलत न्हाई,
आपुनच नळी वाकडी धरतो."
तो त्या भिंतीला, मी ह्या भिंतीला.
नळीतलं पाणी हललं, डुललं,
दोन्हीकडे एकदम रेघेवर येऊन थांबलं.
मग त्यानं खिडकीचा कट्टा तपासला.
डावीकडे पाऊण इंच खाली.
ओटा, तोही.
बिल्डरनं अकरा वर्षांपूर्वी बांधलेल्या या घरात
एकच रेघ सरळ होती.

बाबालाल हसला नाही. मी हसले, बराच वेळ.

नवा ओटा त्या रेघेवरून खाली मोजून घातला.
काम उरकल्यावर नळीतलं पाणी
त्यानं मोरीत सोडलं नाही,
ओल्या सिमेंटवर गोणपाट टाकून त्यावर ओतलं.
"सात दिस पाजा. सुकू दिऊ नका."

दोन पावसाळे बादल्यांनी पाणी बाहेर फेकलेली मी
सात दिवस, सकाळ-संध्याकाळ,
तांब्या तांब्यानं
घरात पाणी घालत राहिले.